हालेचे सेर्वे

ब्रुसेल्सच्या नैर्ऋत्येला पंधराएक किलोमीटरवर, सेन नदीच्या काठी हाले नावाचं गाव आहे. सेंट मार्टिनचं मध्ययुगीन चर्च आणि त्यातली काळी मेरी ही त्याची जुनी ओळख. तिच्या दर्शनाला शतकानुशतकं यात्रेकरू येत आले. या यात्रेच्या गावात, भर चौकात, १८७१ साली एक संगमरवरी पुतळा उभा राहिला. तो संताचा नव्हता, सेनापतीचा नव्हता, राजाचाही नव्हता. गावातल्याच एका जोडे शिवणाऱ्याच्या मुलाचा तो पुतळा होता आणि या मुलानं जन्मभर एकच काम केलं होतं, चेलो वाजवण्याचं. त्याचं नाव आद्रियाँ-फ्रांस्वा सेर्वे. पुतळा घडवणारा पोलिश वंशाचा शिल्पकार सिप्रियाँ गोडेब्स्की हा त्याचा जावई.

एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमला संगीतकारांची घराणी नवी नव्हती. व्हेर्व्हिए गावच्या व्ह्यूताँ कुटुंबात आंरी हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक निघाला, त्याचा एक भाऊ पियानोत रमला, दुसरा चेलोत. बाता कुटुंबातही तसंच. द मुंक कुटुंबात बाप-लेक दोघेही चेलोवादक होते. शतकाच्या अखेरीस लिएजचे इझाई बंधू पुढे आले, थोरला युजेन व्हायोलिनवर आणि धाकटा तेओ पियानोवर. या सगळ्यांत सेर्वे कुटुंबाची गोष्ट वेगळी वाटते ती तिच्यातल्या माणसांमुळे. या घरातल्या पुरुषांनी गावोगावच्या मंचांवर नाव कमावलं, पण ते नाव एका पिढीपलीकडे नेण्याचं काम बायकांनी केलं. संगीताच्या इतिहासाची पुस्तकं पहिला भाग तपशिलानं सांगतात आणि दुसरा एखाद्या ओळीत उरकतात.

आद्रियाँ-फ्रांस्वाचा जन्म ६ जून १८०७ चा. तेव्हा बेल्जियम नावाचा देशच नव्हता. हाले नेपोलियनच्या फ्रान्समध्ये होतं. मूल आठ वर्षांचं होईतो नेपोलियन वॉटर्लूला हरला, आणि हे गाव नेदरलँड्सच्या राजाकडे गेलं. १८३० मध्ये क्रांती झाली आणि बेल्जियम स्वतंत्र झाला, तेव्हा आद्रियाँ-फ्रांस्वा तेवीस वर्षांचा होता. जन्मगाव न बदलता त्यानं तीन राजवटी पाहिल्या.

वडील जोडे शिवत आणि चर्चमध्ये संगीताचं कामही करत. मुलाचे पहिले धडे त्यांच्याकडेच झाले आणि ते व्हायोलिनचे होते. एका स्थानिक सरदारानं मुलातलं पाणी ओळखलं आणि त्याला ब्रुसेल्समध्ये शिकण्यासाठी आश्रय दिला. तिथे त्यानं निकोला-जोझेफ प्लातेलचा चेलो ऐकला. प्लातेल मूळचा फ्रान्समधल्या व्हर्सायचा. ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात त्यानं चेलोचा वर्ग उभा केला आणि बेल्जियमची चेलोवादनाची परंपरा त्याच्यापासूनच मोजली जाते. सेर्वे, आलेक्सांद्र बाता आणि फ्रांस्वा द मुंक हे तिघेही त्याचेच शिष्य. प्लातेल ऐकल्यावर सेर्वेनं व्हायोलिन सोडलं. वयात आलेल्या मुलानं वाद्य बदलणं ही लहान गोष्ट नाही. हाताची ठेवण, बोटांमधलं अंतर, गजाचं वजन, सगळं नव्यानं शिकावं लागतं. त्यानं ते इतक्या झपाट्यानं आत्मसात केलं, की वर्षाच्या आत विद्यालयाचं पहिलं बक्षीस त्याच्याकडे आलं.

पुढची काही वर्षं त्यानं ब्रुसेल्सच्या ला मोने नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात काढली. बेल्जियमच्या इतिहासात या नाट्यगृहाचं स्थान फार मोठं आहे. २५ ऑगस्ट १८३० च्या रात्री इथे ओबेरचा एक ऑपेरा चालू होता. नेपल्सच्या कोळ्यांनी परक्या सत्तेविरुद्ध केलेल्या बंडाची ती कथा. ती पाहून प्रेक्षक पेटले, रस्त्यावर उतरले आणि त्या दंगलीतूनच पुढे स्वातंत्र्याचा लढा झाला. एखादा देश नाट्यगृहातून जन्माला यावा, याला इतिहासात फारशी जोड नाही. नव्या देशाकडे ना जुनी राजघराणी होती, ना स्वतःची एक भाषा. त्याच्याकडे कोळसा होता, लोखंड होतं आणि संगीताची विद्यालयं होती. ब्रुसेल्सच्या विद्यालयाचं प्रमुखपद १८३३ मध्ये फेतिसकडे आलं. फ्रांस्वा-जोझेफ फेतिस हा इतिहासकार, समीक्षक आणि कडक शिस्तीचा शिक्षक. पुढच्या अर्ध्या शतकात बेल्जियमचे तंतुवादक युरोपभर पसरले, त्यामागे या माणसाचा मोठा हात होता.

सेर्वेला पॅरिसला धाडलं तेही फेतिसनंच. पॅरिसमध्ये तो गाजला, लंडनलाही जाऊन आला. इथं त्यानं जे केलं ते मला त्याच्या सगळ्या टाळ्यांहून मोठं वाटतं. यश हाती आलेलं असताना तो गावी परतला आणि दोनेक वर्षं पुन्हा रियाजाला आणि रचनेला बसला. त्या दोन वर्षांत त्यानं स्वतःचं तंत्र घडवलं आणि मगच तो पुन्हा पॅरिसला गेला. नंतर हॉलंड, जर्मनी, व्हिएन्ना, प्राग, वॉर्सा असा दौऱ्यांचा सिलसिला सुरू झाला, तो शेवटपर्यंत थांबला नाही.

तो वाजवत काय होता? त्या काळी एकल वादक स्वतःच्याच रचना घेऊन फिरत. लोकांच्या ओठांवर ऑपेरातल्या चाली असत. त्या चाली घेऊन त्यांवर विस्तार करायचा, बोटांची आणि गजाची सगळी कसरत दाखवायची, शेवटी सभागृह डोक्यावर घ्यायचं, अशी ती रीत. सेर्वेनं रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’वर फॅन्टसी रचली. शूबर्टच्या एका वॉल्ट्झवर रचलेली त्याची फॅन्टसी तर फारच गाजली. बेल्जियममधल्या स्पा या औषधी झऱ्यांच्या गावाची आठवण म्हणून त्यानं एक रचना केली, ती आजही चेलोवादक हौसेनं वाजवतात. व्ह्यूताँ आणि ह्युबेर लेओनार या व्हायोलिनवादकांसोबत त्यानं व्हायोलिन-चेलोच्या जोडरचना लिहिल्या. त्याच्या नावावर कॉन्सर्टोही आहेत, त्यांपैकी एक लष्करी बाजाचा.

पुढच्या काळातल्या समीक्षकांनी असल्या रचनांना दिखाऊ म्हणून बाजूला सारलं. मला हा निकाल एकांगी वाटतो. चेलो तोवर मुख्यतः खालचा स्वर धरून बसणारं वाद्य होतं. बाख आणि बोकेरिनी यांनी त्याला त्यापलीकडे नेलं होतं हे खरं, पण मोठ्या सभागृहात हजार माणसांसमोर एकट्यानं उभं राहण्याचा धीर या वाद्याला सेर्वेच्या पिढीनं दिला. अंगठा तारेवर आडवा ठेवून वरच्या सप्तकात मोकळेपणी फिरणं, सप्तकाच्या जोडस्वरांत धावणं, अर्धस्वरांच्या लडी गजाच्या एकाच ओढीत काढणं, हे सगळं त्याच्या हातून नित्याचं झालं. लोक त्याला चेलोचा पागानिनी म्हणू लागले. पागानिनीनं व्हायोलिनचं जे केलं, ते या माणसानं चेलोचं केलं, इतकाच त्याचा अर्थ.

१८३९ मध्ये तो पहिल्यांदा सेंट पीटर्सबर्गला गेला. रशियातल्या श्रीमंत घरांना तेव्हा पश्चिमेकडच्या वादकांचं अतोनात वेड होतं. रेल्वे तिथवर पोचायची होती, प्रवास घोडागाडीनं आणि बर्फात घसरगाडीनं करावा लागे. तरी तो पुन्हा पुन्हा तिथे गेला. रशियानं त्याला दोन गोष्टी दिल्या आणि त्याच्या घराण्याचा पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो.

पहिली म्हणजे बायको. १८४२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यानं सोफी फेगिनशी लग्न केलं. दुसरी म्हणजे वाद्य. युसुपोव्ह घराण्यातल्या एका राजकुमारीनं त्याला आंतोनिओ स्ट्रॅडिव्हेरीनं १७०१ मध्ये घडवलेला चेलो भेट दिला.

या वाद्याबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं. स्ट्रॅडिव्हेरीचे सुरुवातीचे चेलो आकारानं मोठे असत. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं माप कमी केलं आणि सुमारे ७५-७६ सेंटिमीटर लांबीच्या धडाचा एक नवा नमुना ठरवला. आजचे बहुतेक चेलो त्याच मापाचे असतात. पुढच्या काळात वादकांना लहान वाद्य सोयीचं वाटू लागलं, तेव्हा आधीचे मोठे चेलो कारागिरांनी सरळ कापून लहान केले. कडा कमी केल्या, धडं आखूड केली. पिढ्यानपिढ्या मुरलेलं लाकूड करवतीखाली गेलं. १७०१ चा हा चेलो त्या करवतीतून वाचला. तो मूळच्या मोठ्या मापात तसाच राहिला, आणि न कापलेला मोठा स्ट्रॅडिव्हेरी चेलो म्हणून त्याचं मोल आज अपार आहे. त्याचा खर्ज खोल आहे आणि वरचे स्वरही दबत नाहीत. तो हाताळायला मात्र दांडगा माणूस हवा. सेर्वे देहानं भरदार होता, वयाबरोबर आणखी जाड होत गेला.

इथून चेलोच्या टेकूची गोष्ट सुरू होते. त्याआधी चेलो दोन्ही पोटऱ्यांमध्ये पकडून वाजवला जाई. वाद्य अधांतरी, त्याचं सगळं वजन पायांवर. वाद्याखाली आधार देण्याची युक्ती अगदी नवी नव्हती, पण शिकाऊ मुलांसाठीची सोय एवढीच तिची किंमत होती. नामवंत वादकानं मंचावर ती वापरणं कमीपणाचं मानलं जाई. सेर्वेचं पोट मोठं आणि चेलोही मोठा. पोटऱ्यांमध्ये ते धूड पेलेना, म्हणून त्यानं वाद्याच्या तळाशी टेकू लावला, तो जमिनीवर रोवला आणि वाजवायला बसला. युरोपातल्या सगळ्यांत नावाजलेल्या चेलोवादकानंच तसं केल्यावर त्यातला कमीपणा गेला.

बदल एका दिवसात झाला नाही. इटलीचा आल्फ्रेडो पियात्ती अखेरपर्यंत टेकूशिवाय वाजवत राहिला. पण सेर्वेचा शिष्य ज्यूल द स्वेर्त यानं १८८२ मध्ये लिहिलेल्या चेलोवादनाच्या पुस्तकात टेकूची शिफारस केली आणि विसावं शतक उजाडेपर्यंत तो सर्वत्र रूढ झाला. टेकूमुळे पाय मोकळे झाले, खांदे सैलावले, गजाला जोर आला, डावा हात वरच्या सप्तकात निर्धास्त जाऊ लागला. स्त्रियांसाठी याचं मोल आणखी होतं. पोटऱ्यांमध्ये वाद्य धरणं त्या काळच्या शिष्टाचारात बायकांना निषिद्ध होतं. फ्रेंच चेलोवादक लिझा क्रिस्तियानी मेंडेल्सोनच्या प्रशंसेला पात्र ठरली, त्यानं तिला एक रचना अर्पण केली, तरी तिच्या पिढीतल्या बायकांना वाद्य एका बाजूला घेऊन अवघडून बसावं लागे. टेकूनं ती अडचण मोडून काढली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ज्या गोव्याच्या वादकांनी चेलोचे गंभीर स्वर भरले, त्यांचीही वाद्यं ध्वनिमुद्रणशाळेच्या फरशीवर याच टेकूवर उभी असत.

१८४८ मध्ये सेर्वे ब्रुसेल्सच्या विद्यालयात चेलोचा प्राध्यापक झाला. राजा लिओपोल्ड पहिला याच्या दरबारचा एकल वादक म्हणूनही त्याची नेमणूक झाली. त्याच्या वर्गातून द स्वेर्त, एर्नेस्ट द मुंक, जोसेफ होलमन असे वादक बाहेर पडले. सँ-साँसनं आपला दुसरा चेलो कॉन्सर्टो ज्याच्यासाठी लिहिला तो हाच होलमन. शिष्यांसाठी सेर्वेनं सहा काप्रिस रचले. सोबतीला दुसरा चेलो घेता येईल अशी त्यांची मांडणी आहे. गुरूनं समोर बसून साथ करत शिकवावं, हीच कल्पना त्यामागे दिसते. चेलो शिकणारी मुलं हे काप्रिस आजही घासतात.

हालेमध्ये त्यानं मोठा बंगला बांधला. त्याचा आराखडा ज्याँ-पिएर क्लुइसनारचा. ब्रुसेल्सच्या मध्यभागी काचेचं छत असलेली सेंट-ह्युबेर ही भव्य बाजारवीथी आहे, १८४७ मध्ये खुली झालेली. ती उभारणारा हाच वास्तुकार. जोडे शिवणाऱ्याच्या मुलानं देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वास्तुकाराकडून आपल्या गावात घर बांधून घ्यावं, यात त्या शतकाचं चित्र आहे. राजाश्रयावर जगणारा वादक आता तिकिटांच्या पैशावर, छापलेल्या रचनांवर आणि स्वतःच्या नावावर घर उभारू शकत होता. लिस्ट आणि आंतोन रुबिनश्टाइन यांच्यासारखे पाहुणे त्या बंगल्यात उतरत.

हे घर चालवत कोण होतं? सेर्वे वर्षातले कित्येक महिने रस्त्यावर असे. सेंट पीटर्सबर्गहून आलेली सोफी, परक्या देशात, फ्लेमिश गावात, मुलं वाढवत होती, पाहुण्यांचं करत होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाव शतकाहून जास्त काळ तिनं ते घर संगीतकारांसाठी उघडं ठेवलं. सेर्वे नावाचा दबदबा पुढं टिकला तो या घरामुळे.

१८६६ मध्ये आद्रियाँ-फ्रांस्वा पुन्हा रशियाला गेला. तो दौरा त्याला झेपला नाही. २६ नोव्हेंबरला हालेमध्ये त्याचा अंत झाला. वय एकोणसाठ.

धाकटा मुलगा जोसेफ तेव्हा सोळा वर्षांचा होता. १८५० मध्ये जन्मलेला जोसेफ वडिलांकडेच शिकला होता आणि त्यांच्याकडून त्याला सगळ्यांत अवघड वारसा मिळाला, तो १७०१ चा चेलो. पुढे तो वायमारच्या दरबारी वाद्यवृंदात गेला आणि १८७२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वडिलांच्याच विद्यालयात प्राध्यापक झाला. तो शिकवत होता त्याच काळात त्या विद्यालयाशी जोडलेलं एक वाद्यसंग्रहालय १८७७ मध्ये सुरू झालं. त्यात फेतिसच्या संग्रहातली वाद्यं होती आणि कोलकात्याच्या सौरींद्रमोहन ठाकूर यांनी आदल्या वर्षी राजा लिओपोल्ड दुसरा याला पाठवलेली शंभराच्या आसपास भारतीय वाद्यंही होती. स्ट्रॅडिव्हेरीचा चेलो छातीला टेकवून शिकवणारा हा तरुण ज्या वास्तूत वावरत होता, तिथेच आपल्याकडच्या वीणा आणि सारंग्या येऊन विसावल्या होत्या.

जोसेफ वडिलांइतका फिरला नाही, वडिलांइतका जगलाही नाही. २९ ऑगस्ट १८८५ रोजी हालेमध्येच तो वारला. वय चौतीस. त्याच्याबरोबर या कुटुंबाचं मंचावरचं चेलोवादन संपलं आणि तो चेलोही कुटुंबाबाहेर गेला. तो एका हातातून दुसऱ्या हातात फिरत शेवटी अमेरिकेत न्यू जर्सीच्या शार्लट बर्गन या हौशी चेलोवादक बाईंकडे आला. त्यांनी तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिला. वाद्याचं नाव आजही ‘सेर्वे’ असंच आहे.

दुसरा मुलगा फ्रान्स. त्यानं वाद्य हातात घेतलं नाही, रचना आणि वाद्यवृंदाचं संचालन निवडलं. १८७३ मध्ये टोर्क्वातो टासो या इटालियन कवीच्या मृत्यूवरच्या कंटाटासाठी त्याला बेल्जियमचं रोम पारितोषिक मिळालं. तो वाग्नरचा कट्टर भक्त होता. १८८७ मध्ये त्यानं ब्रुसेल्समध्ये हिवाळी मैफली सुरू केल्या, पुढे ला मोनेत संचालन केलं. म्हणजे वडील ज्या वाद्यवृंदात एका खुर्चीवर बसत, त्या वाद्यवृंदासमोर हातात छडी घेऊन मुलगा उभा राहिला. ल्कोंत द लील या कवीच्या नाटकावर त्यानं ऑपेरा रचायला घेतला आणि त्यात त्याची अनेक वर्षं गेली. तो ऑपेरा १८९९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला फेलिक्स मोटलच्या संचालनाखाली रंगमंचावर आला. दोनच वर्षांनी, १९०१ च्या जानेवारीत, फ्रान्सही गेला. तो लिस्टचा मुलगा होता, अशी कुजबुज त्या काळी होती आणि लेखक आजही ती चघळतात. ठोस पुराव्याशिवाय असल्या गोष्टींना इतिहासात जागा देऊ नये असं माझं मत आहे. शिवाय एका धडपड्या संगीतकाराचं काम सोडून त्याच्या जन्माचीच चर्चा करणं हा त्याच्यावरचा अन्यायही आहे.

आता मुलीकडे वळू. तिचंही नाव सोफी. आईचं नाव तिला मिळालं होतं. तिनं गोडेब्स्कीशी लग्न केलं. १८७१ मध्ये हालेच्या चौकात वडिलांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या हातानं तिच्या वडिलांचं रूप दगडात आलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच ती गेली. गोडेब्स्की कामासाठी रशियात होता आणि गरोदर सोफी ऐन हिवाळ्यात युरोप ओलांडून त्याच्याकडे निघाली. ३० मार्च १८७२ रोजी सेंट पीटर्सबर्गजवळ तिनं मुलीला जन्म दिला आणि तिथेच प्राण सोडला. नवऱ्याच्या विश्वासघाताची बातमी लागल्यामुळे आईनं तो प्रवास केला, असं त्या मुलीनं पुढे आपल्या आठवणींत सांगितलं. आठवणी सांगताना ती रंग भरत असे, हे तिच्या चरित्रकारांनी दाखवलं आहे. पण आईविना वाढल्याचं दुःख खरंच होतं.

ती मुलगी म्हणजे मिसिया. तिला हालेला आजीकडे आणलं गेलं. ज्या सोफी फेगिननं नवऱ्याच्या दौऱ्यांच्या काळात घर सांभाळलं, तिनंच आता मेलेल्या लेकीची लेक वाढवली. मिसियाच्या आठवणींतलं ते घर पियानोंनी आणि पाहुण्यांनी भरलेलं आहे. लिस्टच्या मांडीवर बसून बेथोव्हनची एक छोटी रचना वाजवल्याचंही ती सांगते. पुढे पॅरिसमध्ये ती फोरे या संगीतकाराकडे पियानो शिकली. गुरूला वाटत होतं, ही मोठी वादक होईल. तिनं तो रस्ता धरला नाही. पण रेन्वार, बोनार, व्हुइयार आणि तुलूझ-लोत्रेक या चौघांनी तिची चित्रं काढली, द्यागिलेव्हच्या रशियन बॅलेमागे ती मैत्रीण आणि आश्रयदाती म्हणून उभी राहिली, आणि रावेलनं ‘ला वाल्स’ ही रचना तिला अर्पण केली. तिसऱ्या लग्नानंतर ती मिसिया सेर्त या नावानं ओळखली जाऊ लागली. १९५० मध्ये ती पॅरिसमध्ये वारली, तिच्या आठवणी १९५२ मध्ये छापल्या गेल्या.

मिसियाच्या नावावर एकही रचना नाही. तरी विसाव्या शतकातल्या संगीतावर या कुटुंबाचा जो सगळ्यांत खोल परिणाम झाला तो मिसियामार्फत झाला, असं म्हणायला मी कचरत नाही. कोणता संगीतकार कोणाला भेटावा, कोणत्या कामाला पैसा मिळावा, हे तिच्या दिवाणखान्यात ठरे. दिवाणखाना सांभाळण्याची ही कला तिनं कुठं शिकली, याचं उत्तर हालेच्या घरात आहे. आजीनं जे गावात केलं, ते नातीनं पॅरिसमध्ये केलं. आद्रियाँ-फ्रांस्वाचं चरित्र लिहिताना सोफी फेगिनला लग्नाच्या तारखेपुरतं आणणारे लेखक हा धागा सोडून देतात. एकाच कुटुंबातली आजी, मुलगी आणि नात अशा तीन स्त्रिया मिळून हे नाव साठ-सत्तर वर्षं पुढे घेऊन गेल्या, त्यांतली एक बाळंतपणातच गेली, आणि चौकात पुतळा मात्र एकाचाच आहे.

त्या पुतळ्याला माझा विरोध नाही. तो माणूस त्याला लायकच होता. आजही जगात कुठंही चेलोवादक मंचावर येऊन बसतो आणि पहिल्यांदा वाद्याचा टेकू जमिनीवर टेकवतो, तेव्हा तो सेर्वेनं रूढ केलेली गोष्टच करतो. हालेमधला बंगलाही अजून उभा आहे.

सेर्वेचं स्वतःचं वादन ऐकण्याची सोय नाही. ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्याआधीच तो गेला. पण त्याचं वाद्य ऐकता येतं. डच चेलोवादक आनर बिल्स्मा यानं १९९२ मध्ये बाखच्या चेलोसाठीच्या सहाही मालिका स्मिथसोनियनमधल्या याच चेलोवर ध्वनिमुद्रित केल्या आहेत. चेलोशी तुमची अजून ओळख नसेल, तर तिथून सुरुवात करा. मग सेर्वेची ती स्पाच्या आठवणींची रचना शोधून ऐका. तिच्यातला झगमगाट कोणाला उथळ वाटेल. त्यांनी एकदा तरी तिच्यातले सावकाश भाग लक्ष देऊन ऐकावेत.